अकरा आक्का

त्या फ्रेंच सिनेमात शेवटाकडे चार मिनिटं नुसते हात दिसतात. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, उजव्या हातात ओलं फडकं, पायाशी पत्र्याची बादली, नखांच्या कडांना निळा रंग. सिनेमावर ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांनी त्या हातांवर लिहिलं. नट भूमिकेत कसा शिरलाय बघा, निर्मितीची वेदना बोटाबोटांतून कशी ठिबकतेय बघा.

ठिबकत होतं ते पाणी होतं. हाडं उकळून केलेला सरस मिसळलेलं पाणी, आणि त्याला वास असा की शेजारच्या मांजरानंही तोंड फिरवावं. आणि हात नटाचे नव्हतेच. ते मधलीचे होते.

मधली म्हणजे तीन भावंडांतली मधली. वर आक्का, खाली धाकटा. धाकटा तिला ताई म्हणायचा, आक्का 'मधले' म्हणून हाक मारायची, आणि बाकी सगळा गाव पडदेवाली म्हणायचा. पंचावन्न वर्षांची बाई, हात गवंड्यासारखे. लग्न झालं होतं, दोन वर्षं टिकलं. 'त्याला रंगाचा वास सहन होईना आणि मला त्याचा,' एवढंच ती त्यावर बोलायची.

धंदा बापाचा. फोटो स्टुडिओतले पडदे रंगवायचे. माणूस समोर उभा राहतो आणि मागे तळं, संगमरवरी जिना, खांबाला गुंडाळलेली वेल, तो पडदा. बापानं तिला ब्रश धरायला शिकवला त्याच दिवशी धंद्याचा कायदा सांगितला होता. 'कडेकडेला जीव ओत, मध्ये धुकं ठेव. मध्ये गिऱ्हाईक उभं राहतं. आणि गिऱ्हाईकापेक्षा झाड देखणं झालं तर गिऱ्हाईक परत येत नाही.' तेव्हापासून मधलीनं किती पडदे काढले याचा हिशोब नाही, पण सगळ्यांच्या मधोमध माणूसभर जागा रिकामी. चेहरा तिनं जन्मात काढला नव्हता. तळ्यातले हंस सोडले तर डोळे असलेलं काही नाही.

दुसरा कायदा धुण्याचा. पडद्याचं कापड जाड आणि महाग. स्टुडिओवाला तळ्याला कंटाळला की पडदा परत यायचा, मधली तो धुवायची आणि त्याच कापडावर राजवाडा काढायची. रंग सरसात कालवलेले, त्यामुळं पाण्यानं जातात. पण धुवायचं खालून वर. वरून सुरुवात केली की ओघळ खालच्या कोरड्या रंगावर उतरतात आणि तो डाग मरेपर्यंत हटत नाही, वर तीन राजवाडे काढा नाहीतर चार. एका कापडावर तर तिनं तळं, राजवाडा, विमानतळ आणि पुन्हा तळं असं सगळं काढलं होतं. धुताना कधी हात अडखळला नाही. घासलेल्या ताटाचं कुणाला काय वाईट वाटतं?

पुढं फोटो स्टुडिओ एकेक करून बंद पडले. पडदे उरले ते शाळेच्या नाटकांपुरते आणि दुकानांच्या खिडक्यांपुरते. अशात एका रविवारी धाकटा धापा टाकत मधलीच्या रंगकामाच्या शेडमध्ये आला.

धाकटा हॉटेलात. चौदा वर्षं त्याच काउंटरमागे, त्याच किल्ल्या, तेच हसू. पाहुण्यांशी बोलून बोलून आणि जुनी पुस्तकं चाळून त्यानं फ्रेंच कमावली होती. तेवढ्यावर आपण एक दिवस इथून उडणार असं त्याला वाटायचं. मॅनेजर व्हायची पाळी दोनदा आली, दोनदा मालकाच्या मेव्हण्यांनी नेली. एकोणपन्नास वर्षांचा झाला होता आणि आक्का अजून त्याच्या पावाला लोणी स्वतः लावून द्यायची.

"ताई, हॉटेलात सिनेमावाले उतरलेत. फ्रेंच. चित्रकारावर सिनेमा आहे. त्यांना रंगवणारं माणूस हवंय."

"मग रंगवणाऱ्याकडं जा. मी पडदेवाली."

"त्यांना चित्रकार नकोच आहे. चित्रकार म्हणे ऐकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक आला. हा उंच, मान पुढं काढून चालणारा, तोंडात सारखं काहीतरी चघळतंय. मधलीनं त्याचं नाव उंट ठेवलं आणि ते शेवटपर्यंत राहिलं. उंट शेडभर फिरला. छताकडं बघितलं, सरसाच्या डब्यात नाक घालून मागं सरला, आणि अर्धवट धुतलेल्या एका पडद्यापुढं जाऊन थांबला.

"विचारतायत," धाकटा म्हणाला, "हे पाण्यानं जातं?"

मधलीला कुणी धंद्यातलं विचारलं की ती खुलायची. तिनं फडकं बुचकळलं, पिळलं आणि तळ्यातला एक हंस तीन हातांत पुसून दाखवला. खालून वर. उंटानं टाळ्या वाजवल्या. मधलीला वाटलं, माणूस गरीब घरचा असणार, काटकसरीची कदर आहे. त्याच्या कथेत चित्रकार शेवटी चित्र चाकूनं फाडायचा. त्या दिवशी उंटानं चाकू काढून टाकला. चाकूच्या जागी पाणी मधलीनं दिलं, नकळत, आपल्या हातानं, वर हसून.

काम असं होतं. सिनेमातला चित्रकार आठवणीतून एक बाई काढतो. बाई सिनेमात कुठं येत नाही, फक्त चित्रात हळूहळू दिसू लागते. पण सिनेमाचं शूटिंग कथेच्या क्रमानं होत नाही. सकाळी शेवट घेतील, दुपारी सुरुवात. म्हणून चित्र प्रत्येक टप्प्यावर तयार हवं. नुसता कोळशाचा आकार एक, त्यावर मातीचा रंग दुसरं, सावल्या तिसरं, असं करत करत अकरा. नट प्रत्येकापुढं उभा राहून दोन ब्रश मारणार.

हे ऐकून दुसरा कुणी घाबरला असता. मधलीला त्यात काही नवल वाटलं नाही. तिनं अकरा कापडं भिंतीला ओळीनं लावली. पहिला हात अकरांवर. मग एक काढून ठेवायचं, दुसरा हात दहांवर. मग नऊ. म्हणजे पुरं होणारं एकच, शेवटचं. बाकीची त्याची दहा अर्धवट भावंडं. पहिल्यात खांदा चुकून बोटभर वर गेला तर तो पुढं सगळ्यांत तसाच वर न्यायचा. चूकसुद्धा अकरा वेळा, एकसारखी.

चेहरा कुणाचाही चालेल, फक्त काढणारीला तो पाठ हवा, असं उंटाचं म्हणणं धाकट्यानं सांगितलं.

मधली क्षणभरही थांबली नाही. "आक्का."

आक्का तिघांत थोरली. आई गेली तेव्हा आक्का पंधराची, मधली नऊची, धाकटा तीनचा. बाप दिवसभर पडद्यापुढं. आक्कानं दोघांना वाढवलं, मग इस्पितळाच्या धुलाईखान्यात छत्तीस वर्षं चादरींना इस्त्री केली. लहानपणी घरातले सगळे फोटो शेजारच्या स्टुडिओत निघाले आणि प्रत्येक वेळी स्टुडिओवाला आक्काला म्हणायचा, तू हे पांढरं कापड धर गं, पोरांच्या तोंडावर उजेड पाड. त्यामुळं घरातल्या प्रत्येक फोटोत धाकट्याच्या गालावर आणि मधलीच्या कपाळावर आक्का पडलेली आहे, पण आक्का नाही. तिचा म्हणून एकच फोटो, नोकरीच्या ओळखपत्रावरचा.

"त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते," ती म्हणायची. "सहा वर्षं दारावरचा पहारेकरी माझी पिशवी तपासत होता, त्या फोटोमुळं."

मधलीनं विचारलं तेव्हा आक्का बटाटे सोलत होती.

"माझं थोबाड? तिकीट काढून? लोकांना घरी आरसे नाहीत का?"

"आक्का, ऐक. अकरा कापडं जातील, त्यातलं शेवटचं पुरं असेल. ते मी घरी आणणार. त्यांचं काम झालं की आपलं. दिवाणाच्या वर लावू. तुझा एक तरी धड चेहरा घरात असू दे."

"मेल्यावर लाव. आता लावलंस तर जेवताना दोन दोन आक्का बघून धाकट्याचं पोट बिघडेल."

नाही म्हणाली. मधलीनं नाद सोडला. संध्याकाळी धाकटा आला, जिन्यातच आक्काला गाठलं आणि अर्धा तास दोघं हळू आवाजात बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आक्का निळा स्वेटर घालून, केस चापून बसवून शेडच्या दारात उभी.

"कुठं बसू?"

धाकट्यानं समजूत घातली असणार, मधलीला वाटलं. तिला धाकट्याचं कौतुक वाटलं.

करार ठरला त्या दिवशी मधलीनं आपली अट पुन्हा एकदा, शब्द तोलून सांगितली. "सांग त्यांना. दहा चित्रं त्यांची. अकरावं माझं. शूटिंग संपलं की मी घरी नेणार." धाकटा फ्रेंचमध्ये बोलला. उंट लांबलचक काही बोलला, हात वर करून, डोळे मिटून, अगदी मनापासून.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुमचंच आहे."

"एवढं बोलले आणि एवढंच?"

"फ्रेंचमध्ये लांब होतं, ताई."

आक्का बावन्न सकाळी बसली. आठ ते दहा, खिडकीपाशी, स्टुलावर, हात मांडीत. चहाचा थर्मास पायाशी. पहिले काही दिवस तिची जीभ चालू होती.

"नाक झालं का?"

"अकरा नाकं आहेत, आक्का. वेळ लागतो."

"अकरांपैकी एक तरी सरळ काढ. मी कुणाला सांगणार नाही."

एक गोष्ट मात्र आक्कानं पहिल्या दिवसापासून पाळली. चित्र बघायचं नाही. बसायची जागा आणि दार यांच्यामध्ये भिंतीला अकरा कापडं. आक्का उठली की कानशिलावर तळहात धरायची, टांग्याच्या घोड्याला लावतात तशी झापड, आणि पलीकडच्या भिंतीकडं बघत बाहेर जायची.

"बघ की गं. तुझंच तोंड आहे."

"पुरं झाल्यावर. अर्धवट आक्का मला बघायची नाही. घरी येणारच आहे ना?"

"येणारच."

"मग झालं तर."

सरसाच्या रंगाची एक खोड असते. ओला असताना गडद दिसतो, वाळला की दोन पायऱ्या फिका. म्हणजे उद्या सकाळी काय दिसेल ते आज मनात धरून काढायचं. गालाची सावली लावताना गाल काळवंडलेला दिसतो, आणि आपण आपल्याच हातावर विश्वास ठेवून पुढं जायचं. मधलीला ही खोड पडद्यांवर पाठ होती. चेहऱ्यावर ती नव्यानं शिकली. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी शेडचं दार उघडायच्या आधी ती फटीतून आत डोकावायची. मग डोकावणं थांबलं. मग असं व्हायला लागलं की ती रविवारीही उगाच शेडमध्ये जाऊन बसायची.

आणि बघता बघता तिला आक्का दिसायला लागली. चाळीस वर्षं एका टेबलावर जेवलेल्या बाईला आपण कधी बघितलंच नव्हतं, हे तिला कळलं. डावा डोळा उजव्याहून किंचित खाली. इस्त्रीच्या वाफेनं हनुवटीखालची कातडी तलम झालेली, कापडासारखीच. आणि तोंड. दिवस जात होते तशी आक्का गप्प होत गेली आणि खालचा ओठ आतून दातात धरायला लागली. बाहेरून कळायचं नाही, फक्त डाव्या कोपऱ्यात एक लहानशी गाठ बसायची.

"कंटाळलीस का?"

"छे गं."

"मग ओठ का चावतेस?"

"दात आहेत म्हणून."

मधलीनं ती गाठ काढली. नवव्यात थोडी, दहाव्यात जास्त, अकराव्यात पुरी. दहाव्यात डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या होत्या. डोळे फक्त अकराव्याला. ते काढायला तिला चार सकाळी लागल्या, आणि चौथ्या सकाळी ती ब्रश खाली ठेवून नुसती उभी राहिली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कापडाच्या मधोमध कुणीतरी होतं.

"झालं," ती म्हणाली.

आक्का उठली. कानशिलावर हात धरला आणि दाराकडं चालू लागली.

"अगं आता तरी!"

"घरी आण. घरी बघते," आक्का म्हणाली. आवाज जरा जाड होता. मधलीला वाटलं, भरून आलं असेल.

उंट चित्र न्यायला आला तेव्हा अकराव्यापुढं बराच वेळ उभा राहिला. चघळणं थांबलं. मग तो धाकट्याकडं वळून हळू काहीतरी बोलला. धाकट्याचा चेहरा उतरला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, छान आहे."

तो म्हणाला होता, या बाईला काहीतरी माहीत आहे. पण हे मधलीला पुष्कळ पुढं कळलं.

शूटिंग गावाबाहेरच्या बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात होतं. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला मधली तिथं गेली ती काखेत धुतलेली चादर आणि सुतळीचा गुंडा घेऊन, चित्र गुंडाळून आणायला. जाताना आक्काला सांगून गेली होती, भिंतीला खिळा मारून ठेव.

आत जाते तो नट उभा. ढगळ कोट, अस्ताव्यस्त दाढी, हातात ओलं फडकं. समोर दहावं चित्र. आणि हा बाबा वरून, थेट कपाळापासून, फराफरा पुसतोय. निळे तांबडे ओघळ आक्काच्या गालांवरून स्वेटरवर.

मधलीच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते धंद्यातलं. "अरे वरून काय पुसतोस, गाढवा!"

मग तिला भान आलं. धाकटा दिव्यांच्या मागं उभा होता, गळ्यात कसलंसं ओळखपत्र अडकवून.

"हे काय चाललंय?"

"तालीम."

"कसली?"

"शेवटी तो चित्र पुसून टाकतो, ताई. सिनेमात. चित्र पुरं झालं की त्याला ते सहन होत नाही, असं काहीतरी आहे."

"पुरं झालं की सहन होत नाही? आपल्याकडं पुरं झालं की गिऱ्हाईक घेऊन जातं. पुसू दे. माझं अकरावं दे, मी चालले."

"अकरावंच पुसायचंय. दहाव्यावर नुसती तालीम आहे."

अकरावं पलीकडं लाकडी घोडीवर उभं होतं, त्यावर दिवे रोखलेले. मधली सरळ तिकडं गेली, चादर पसरली आणि चित्र घोडीवरून खाली घेतलं. कुणीतरी ओरडलं. उंट धावत आला, हात पसरून, काय झालं काय झालं अशा चेहऱ्यानं.

"सांग त्याला," मधली चादरीची गाठ मारता मारता म्हणाली. "सांग, आपलं ठरलं होतं. अकरावं माझं."

धाकटा गळ्यातलं ओळखपत्र चाचपत राहिला.

"अरे सांग ना! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

"ताई, मी त्याला ते सांगितलंच नव्हतं."

"काय?"

"तुझी अट."

मधलीचे हात गाठीवर थांबले. "मग त्या दिवशी तो एवढा वेळ काय बोलत होता?"

"शेडच्या छताबद्दल. म्हणत होता, वरून उजेड फार सुंदर येतो."

उंट एकाकडून दुसऱ्याकडं बघत होता. धाकटा आता भरभर बोलायला लागला, पोर चोरी कबूल करताना बोलतं तसा. ते मला घेऊन जातायत, ताई. सहा महिने, पुढच्या सिनेमावर. कागद झालेत. तू नाही म्हणाली असतीस तर त्यांनी दुसरं कुणी शोधलं असतं, आणि मी पुन्हा त्या किल्ल्यांमागं.

"मी नाहीच म्हणाले असते."

"म्हणून तर."

"मला फसवलंस ते फसवलंस," मधली म्हणाली. "धाकटा आहेस, गिळीन मी. पण आक्काला मी शब्द दिलाय. बावन्न दिवस बसली ती त्या स्टुलावर. भिंतीला खिळा मारून वाट बघतेय. तिला काय तोंड दाखवू? तिच्याशी असं वागलास?"

धाकट्यानं मान खाली घातली. "आक्काला माहितीय."

 मधलीनं हातातला सुतळीचा गुंडा खाली ठेवला.

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. जिन्यात सांगितलं होतं मी तिला. ती म्हणाली, पोराचं भलं होतंय तर होऊ दे. मधलीला मी सांभाळते."

मधलीनं मारलेली गाठ सोडली. चादर बाजूला केली. दिव्याच्या उजेडात आक्का तिच्याकडं बघत होती, निळ्या स्वेटरात, हात मांडीत, ओठाच्या डाव्या कोपऱ्यात ती गाठ. मधलीनं ती नीट बघितली. बावन्न सकाळी हे गुपित समोर बसलेलं होतं. तिनं रंग कालवून, ओलं किती, वाळलं किती याचा अंदाज बांधून, तीन वेळा काढलं होतं, आणि तिन्ही वेळा कंटाळा समजून काढलं होतं.

उंटानं धाकट्याचा दंड धरला आणि काहीतरी विचारलं. धाकटा बोलला. बराच वेळ बोलला. उंटाचा चेहरा पडला, त्यानं हात कपाळाला लावला आणि तो मधलीकडं बघून थांबत थांबत बोलू लागला.

"काय म्हणतोय? आणि या वेळी तो म्हणतो तेच सांग."

"म्हणतोय, त्याला माहीत नव्हतं. माफ करा म्हणतोय." धाकट्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात घेतलं. "म्हणतोय, चित्र घेऊन जा. सिनेमाला दुसरा शेवट शोधू. आमच्यातलं काय ते आम्ही बघू." आणि मग, स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा घालावा तसं: "माझ्याबद्दल म्हणतोय की असा दुभाषी त्याला नको."

चित्र घेऊन जा. मधलीच्या डोळ्यांपुढं दिवाण आला, खिळा आला. त्या ओठाखाली बसून रोज सकाळ संध्याकाळ चहा प्यायचा. आक्का समोरही आणि वरही.

तिनं चित्र उचललं आणि घोडीवर परत ठेवलं. नटाकडं हात पुढं केला.

"कोट दे."

"ताई..."

"त्याला सांग, याचा हात खोटा आहे. वरून पुसतोय. ओघळ उतरतील, कापड वाया जाईल. मी पुसते. आणि तुझं काय करायचं ते नंतर त्याला करू दे. मी पुसलं तर ठेवील तुला. जा, उड."

कोट ढगळच होता. बाह्या तिनं सवयीनं कोपरापर्यंत सारल्या. कॅमेरा फिरायला लागला तेव्हा तिला कुणी काय करायचं ते सांगितलं नाही. फडकं बुचकळलं, पिळलं, आणि खालून सुरुवात केली. आधी मांडीतले हात गेले. मग स्वेटर, तो निळा काही केल्या सुटेना, दोनदा पाणी घ्यावं लागलं. मग गळा, हनुवटी. तोंडापाशी आल्यावर तिचा हात थांबला. सिनेमात तो थांबलेला दिसतो, आणि त्या थांबण्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मग ओठ गेले, नाक गेलं, आणि सगळ्यात शेवटी डोळे. शेवटी कापड उरलं, ओलं, राखाडी, एकही ओघळ नसलेलं. मधलीनं फडकं घट्ट पिळलं आणि बादलीच्या काठावर वाळत टाकलं. तेही सिनेमात आहे.

उंट रडत होता. कुणी टाळ्या वाजवायला लागलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

पुढं उंटानं धाकट्याला नेलं. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. तो पत्रं लिहितो, आक्का ती मोठ्यानं वाचते, मधली ऐकते. दोघी अजून त्याच घरात आहेत, एकाच टेबलावर जेवतात. सिनेमा इथं एकदा लागला तेव्हा मधली एकटी जाऊन बघून आली. आक्का आली नाही. मधली पुन्हा पडदे रंगवते, तळी आणि जिने, आणि मध्ये धुकं ठेवते. मागच्या वर्षी शाळेच्या एका बाईंनी विचारलं, राजाराणी पण काढाल का पडद्यावर, तर म्हणाली, माणसं तुमची तुम्ही आणा.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंच.

ती घरी आली तेव्हा सहा वाजले होते. दिवाणाच्या वर खिळा मारलेला होता. खरोखर मारलेला. आक्का टेबलापाशी पाव कापत होती. दाराकडं न बघता तिनं विचारलं, "आणलंस का गं चित्र?"

इथंसुद्धा नाटक. मधली उंबऱ्यातच थांबली, काखेत रिकामी चादर.

"नाही. धुतलं."

सुरी थांबली. "कुणी?"

"मी. कापड चांगलं निघालं. डाग नाही पडला."

आक्कानं सुरी खाली ठेवली. तोंडात खालचा ओठ आत गेला, डाव्या कोपऱ्यात गाठ बसली. मधलीनं ती बघितली आणि नजर काढून घेतली. चादर झटकली, घडी घातली, कपाटात ठेवली.

"मधले, अगं धाकट्यानं मला..."

"माहितीय."

 आक्कानं चहा ओतला, तिच्यापुढं सरकवला. मग, लहान मुलीनं विचारावं तशा आवाजात, खिळ्याकडं बघत तिनं विचारलं, "कशी दिसत होते गं मी?"

मधलीनं चहाचा एक घोट घेतला.

"ओळखपत्रावर आहेस ना," ती म्हणाली, "तशीच."